स्तनाच्या कर्करोगानंतर चरबीचे रोपण: होकार देण्यापूर्वी काय पाहावे

पोटाची किंवा मांडीची चरबी काढून ती स्तनाच्या जागी बारीक नळीने थोडीथोडी भरणे, याला फॅट ग्राफ्टिंग म्हणतात. या चरबीमुळे रोग परत येईल का, ही भीती निराधार नाही. चरबीतील मूळपेशी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींच्या वाढीला चालना देताना दिसल्या आहेत. मात्र प्रत्यक्ष रुग्णांच्या पाठपुराव्यात, एकंदरीने पाहता, रोग परतण्याचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. 1987 साली अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने या उपचाराला विरोध केला होता, तो मुख्यतः मॅमोग्राममध्ये, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, भरलेली चरबी आणि कर्करोग यांत गोंधळ होईल म्हणून. 2009 साली तिनेच ही भूमिका सौम्य केली. तो गोंधळ मात्र आजही होऊ शकतो, आणि माझ्या मते खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

म्हणून आधी प्लास्टिक सर्जनकडे न जाता आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडे जावे. उपचार नागपुरातल्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात झालेले असोत, जामठ्याच्या कर्करोग संस्थेत असोत किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल, काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त होत्या का याची नोंद आणि रेडिएशनच्या, म्हणजे शेकाच्या, तारखा एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात. उपचार पूर्ण झाले असून सध्या रोगाचे चिन्ह नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. नंतर स्तन शिल्लक असल्यास मॅमोग्राम व सोनोग्राफी, आणि स्तन पूर्ण काढलेला असल्यास डॉक्टर सुचवतील ती तपासणी रोपणाआधीच करून फिल्म जपून ठेवावी. पुढे एखादी गाठ लागली, तर हीच जुनी फिल्म तुलनेला उपयोगी पडते.

गाठ लागण्याची शक्यता खरोखर असते. भरलेल्या चरबीला नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर तिचा काही भाग मरतो आणि आत तेलाने भरलेल्या छोट्या पिशव्या, घट्ट गाठी किंवा चुन्याचे कण तयार होतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. तरीही ‘ही चरबीच असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये. शंका आल्यास बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करावी लागते. भरलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे एकाहून अधिक बैठका लागू शकतात आणि दोन बैठकांमध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर ठेवले जाते. एकूण बैठका व खर्च किती, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाण्याची सवय असेल, तर ती सर्जनपासून लपवू नये, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि चरबी जगण्याची शक्यता घटते. (आपल्याकडे स्त्रियाही खर्रा खातात, मात्र डॉक्टरांनी विचारल्यावर ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात.) टॅमोक्सिफेन (कर्करोग परतू नये म्हणून दिली जाणारी गोळी) किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सांगावे, पण विचारल्याशिवाय स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नये.

जिथून चरबी काढतात, तिथे काही आठवडे घट्ट पट्टा किंवा प्रेशर गारमेंट घालावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात ते सोसणे कठीण जाते, म्हणून तारीख निवडण्याची मुभा असल्यास दिवाळीनंतरची घ्यावी. ताप, वाढती लाली, पू किंवा श्वास घेताना त्रास झाल्यास मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.