प्राथमिक शाळेत भोंडला कसा करायचा: मैदान झाडण्यापासून पोरं घरी पोचेपर्यंत

सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो साधारण २६-२७ सप्टेंबरला, आणि घटस्थापना झाली की शाळाशाळांतून भोंडल्याची गडबड सुरू होते. आमच्याकडे भोंडला म्हणतात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हादगा, आणि खानदेश-विदर्भात भुलाबाई, तिथे तर मधे हत्ती नसतो, शंकर-पार्वतीच्या मूर्ती असतात. मी पहिली ते चौथीच्या पोरांचा भोंडला बरीच वर्षं घेतेय त्यामुळे जे अनुभवातून कळलं ते लिहिते.

सगळ्यात आधी वेळ ठरवा आणि ती सकाळचीच ठरवा, ८ ते १० च्या आत सगळं उरकायचं. पाऊस परतीला लागलेला असतो, ऑक्टोबर हीटचं ऊन ११ वाजता डोक्यावर येतं आणि दुपारनंतर ढग भरून विजा सुरू होतात. एका वर्षी आम्ही हौसेने दुपारी ४ ला ठेवला, पाहुण्यांची भाषणं लांबली आणि दुसरीतली एक मुलगी उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. तेव्हापासून भाषण नाहीच. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप एका शिक्षकाच्या फोनवर असू द्या, आणि गडगडाट ऐकू आला की फेर अर्धा असला तरी पोरं थेट वर्गात, झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर काढायचं नाही.

मग मैदान. हे दोन-तीन दिवस आधी करायचं काम आहे. पावसाळ्यात वाढलेलं गवत, कडेला पडलेल्या विटा, मोडक्या बाकांचा ढीग, यातच साप-विंचू असतात, तर गवत कापून घ्या, ढीग हलवा, पण मोठ्या माणसांनी हलवा, पोरांना "चला रे मदत करा" म्हणून हात घालायला लावू नका. आणि चुकून साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, काही करायचं नाही, मुलाला चालू द्यायचं नाही, हातपाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे ते आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

आदल्या दिवशी हत्ती काढायचा, तो पोरांनाच काढू द्या, पाटावर खडूने आकार आणि आत तांदूळ, मुगाची डाळ, झेंडूच्या पाकळ्या. सोंड वाकडी आली तरी बाईंनी सुधारायची नाही! मुलग्यांनाही घ्या, फेरात पण घ्या, "हा मुलींचा खेळ" असं म्हणून त्यांना बाजूला बसवलं की ते कोपऱ्यात मारामाऱ्या करतात आणि गाणीही त्यांना कधीच येत नाहीत.

फेर धरताना ८० पोरांचं एकच रिंगण करू नका, एकाने ओढलं की दहा पडतात. दोन रिंगणं करा, आत पहिली-दुसरी आणि बाहेर तिसरी-चौथी, प्रत्येक रिंगणात दोन मोठी माणसं. चपला-बूट पायातच राहू द्या. परकर घोट्याच्या चार बोटं वर हवा, नाहीतर पायात अडकतो. गाण्यांसाठी गावातल्या आज्यांना बोलवा, त्यांच्याकडे अशा ओळी असतात ज्या छापील पुस्तकात नाहीत, आणि त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, खरंच ठेवा, दरवर्षी एखादी आजी कमी होते. सासरच्या मारझोडीची गाणी मात्र मी लहानांना देत नाही, खाण्याची, भाजीपाल्याची, गमतीची भरपूर आहेत.

आता खिरापत, पोरांचा सगळा जीव इथे. डबा झाकलेला असतो, वाजवून दाखवायचा आणि आत काय ते ओळखायचं, पण गुपित असलं तरी एका बाईंना सगळ्या डब्यांची यादी आधी माहीत पाहिजेच, कारण कुणाला दाणे चालत नाहीत, कुणाला दूध. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर आधी विचारा आणि ज्याला चालत नाही त्याच्यासाठी वेगळा डबा ठेवा, त्याने नुसतं बघत बसायचं हे मला बघवत नाही. खीर, बासुंदी नको, उन्हात नासते. गूळ-खोबरं, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुऱ्याचा चिवडा चांगला. बालवाडीची पोरं असतील तर त्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. खायच्या आधी साबणाने हात, सगळ्यांनी, रांगेत. १५ ऑक्टोबरला शाळेत हात धुवा दिवस असतोच, त्याची प्रॅक्टिसही होऊन जाते.

सुटताना फार गोंधळ होतो. रिक्षावाल्या काकांना, व्हॅनवाल्यांना बदललेली वेळ आदल्या दिवशीच सांगा आणि गेटवर वर्गशिक्षक हजेरी घेऊन उभे राहू देत, रोज न्यायला येणारं माणूस नसेल तर घरी फोन केल्याशिवाय मूल सोडायचं नाही, शेजारची काकू म्हणाली तरी. पोरं गेल्यावर मैदानात एक चक्कर मारून गजऱ्याच्या आणि साडीच्या पिना वेचून घ्या, दुसऱ्या दिवशी तिथेच कबड्डी असते.