तरुण खचदऱ्यांचा अभ्यास: ठाणे-नवी मुंबईतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

भूशास्त्र घेतलेली इथली मुलं अधूनमधून विचारतात, "खचदऱ्यांवर (जमीन ताणली जाऊन खचल्याने झालेल्या दऱ्यांवर) काम करायचंय, पण आपल्याकडे तर जिकडे बघावं तिकडे बेसॉल्ट. सुरुवात कुठून करू?" मी ठाण्यात राहूनच हा विषय शिकले आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: फॉल्टच्या, म्हणजे ज्या भेगेवरून खडक सरकतात त्या प्रस्तरभंगाच्या, टोकांपासून. फॉल्टच्या मध्यावर घसरण सर्वात जास्त असते, उंच कडा तिथेच दिसतो, म्हणून सगळ्यांची नजर तिथे जाते. पण तो फॉल्ट कसा वाढला हे टोकांना आणि दोन फॉल्ट जुळतात त्या सांध्यांना विचारावं लागतं.

शाळेच्या पुस्तकात दोन समांतर प्रस्तरभंग आणि मध्ये खाली बसलेला तुकडा अशी आकृती असते. ती डोक्यातून काढा. तरुण खचदरी बहुधा एकाच बाजूने खचते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतल्या टांगानिका सरोवराच्या एका भागात मोठा फॉल्ट पूर्व काठाला आहे, तर पुढच्या भागात तो पश्चिम काठाला जातो. हे असं का होतं, ते समजायला सुरुवातीच्या अवस्थेकडे जायला हवं.

कवचावर ताण येऊ लागला की आधी असंख्य लहान फॉल्ट फुटतात, बरेचसे जुन्या खडकातल्या कमजोर पट्ट्यांच्या आधाराने. पूर्व आफ्रिकेची खचदरी टांझानियाच्या प्राचीन, टणक भूखंडाला वळसा घालून दोन शाखांत गेली ती याच कारणाने. मग चढाओढ सुरू होते. एक फॉल्ट सरकला की त्याच्या दोन्ही अंगांचा ताण उतरतो आणि टोकांपुढचा वाढतो. त्यामुळे अंगाला असलेले छोटे फॉल्ट थंडावतात, टोकाच्या रेषेत असलेले जोर धरतात. शेजारचे दोन फॉल्ट एकमेकांना ओलांडून वाढले की मधल्या जमिनीची तिरकी उतरण तयार होते. तिला रिले रॅम्प म्हणतात. नद्या अनेकदा याच उतरणीवरून खोऱ्यात शिरतात आणि पायथ्याशी वाळू-गोटे टाकतात. पुढे रॅम्प तुटतो, दोन फॉल्टांचा एक होतो आणि शेकडो फॉल्टांत वाटलेलं काम मोजक्या मोठ्या फॉल्टांकडे येतं.

इथे एक वाद आहे, तो लवकर समजून घ्या. फॉल्ट लांबी आणि घसरण दोन्ही बरोबरीने वाढवतो, की लांबी आयुष्याच्या सुरुवातीलाच जवळपास ठरते आणि नंतर फक्त घसरण साचत जाते? दोन्ही बाजूंना चांगले पुरावे आहेत. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, विशेषतः जिथे जुने कमजोर पट्टे वाट तयारच ठेवतात तिथे.

काळाचा क्रमही पुस्तकात वाटतो तितका सरळ नाही. इथिओपियात कडेचे मोठे फॉल्ट आधी झाले आणि गेल्या सुमारे २० लाख वर्षांत हालचाल दरीच्या मध्यावर, वोंजी नावाच्या फॉल्टांच्या पट्ट्यात सरकली. तिथे मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) मदतीला असतो. २००५ मध्ये इथिओपियाच्याच अफार भागातल्या दब्बाहू इथे सुमारे ६० किलोमीटर लांबीची मॅग्माची भेग उघडली, काही ठिकाणी आठेक मीटर रुंद, आणि तीही थोड्याच दिवसांत. याच खचदरीच्या दक्षिणेला, मलावीत मॅग्मा फारसा नाही. तरीही डिसेंबर २००९ मध्ये कारोंगाचे भूकंप झाले ते कडेच्या मुख्य फॉल्टवर नव्हे, दरीच्या आतल्या फॉल्टवर. मोठा फॉल्ट जागा आहे म्हणून आतले झोपलेत असं गृहीत धरता येत नाही. भूकंपाचा धोका मोजणाऱ्यांना हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

आता आपल्या दाराशी काय आहे ते. पनवेलहून पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाकडे बघा: लाव्हाचे थर जवळजवळ आडवे. तेच थर मुंबईकडे पश्चिमेला कललेले. हा बदल जिथे होतो तो पनवेल फ्लेक्शर. थर नुसते वाकले, की खोलवर वक्र होत जाणाऱ्या फॉल्टांवरून घसरताना कलले, यावर अजून मतभेद आहेत. सेशेल्सचा तुकडा ६ कोटी वर्षांहून आधी भारतापासून सुटला, त्या ताणाशी हे जोडलं जातं. कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या मॅग्माच्या भिंती) आहेत. डाइक ताणाच्या दिशेला काटकोनात धावते, म्हणजे ताण पूर्व-पश्चिम होता. दब्बाहूला २००५ मध्ये घडलं ते वाचून मग या डाइकसमोर उभं राहा. तोच प्रकार, फक्त थंड झालेला आणि झिजून उघडा पडलेला.

कल मोजताना ब्रंटन कंपास (थरांचा कल मोजायचं होकायंत्र) खडकातल्या कुठल्याही सपाट भेगेवर ठेवू नका. दोन लाव्हांच्या मधला लाल मातीचा थर शोधा आणि त्याचा कल घ्या. लाव्हाच्या पृष्ठाला मूळचाही थोडा उतार असू शकतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी मोजून मगच बोला. ऑक्टोबरनंतर जा. पावसाळ्यात गवताखाली काही दिसत नाही. मात्र ही तरुण खचदरी नव्हे, तुटून गेलेल्या खंडाचा जुना काठ आहे. वाढीचे टप्पे इथे शोधू नका.

शिक्षणाचा रस्ता माहितीतलाच: बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. तेल कंपन्यांना खचदऱ्यांतल्या गाळाची जाण असलेले लोक लागतात, केनियात ओल्कारियासारखी भू-औष्णिक केंद्रं खचदरीच्याच उष्णतेवर चालतात. संरचना भूशास्त्र पक्कं करा, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिका.

आणि पहिला सराव घरबसल्या करा. मलावीतला बिलिला-म्ताकाताका फॉल्ट घ्या, शंभर किलोमीटरहून लांब. एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेला जमिनीच्या उंचीचा डेटा (साधारण दर ३० मीटरला एक मोजणी) फुकट मिळतो. फॉल्टला आडवे छेद घेत जा. पायथ्याचा ताजा कडा दहाएक मीटरचा, म्हणजे या डेटाच्या अगदी मर्यादेवर, त्यामुळे शेजारशेजारच्या छेदांची सरासरी काढा. मागच्या डोंगराची उंची ही फॉल्टची पूर्ण घसरण समजू नका, कारण खाली गेलेली बाजू गाळाखाली पुरलेली असते. कड्याची उंची फॉल्टच्या लांबीसमोर मांडली की एकच उंचवटा येतो की अनेक, ते पाहा. दोन उंचवट्यांमधला खळगा म्हणजे संभाव्य सांधा. नकाशावर नेमकं तिथे जा आणि नदी कुठून उतरते ते बघा: उतरण शाबूत असेल तर ते दोन तुकडे बहुधा अजून पुरते जुळलेले नाहीत.