इंग्लंडमधील जुन्या ग्रामीण इस्टेटचे दप्तर कसे लावावे

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील एखाद्या जुन्या इस्टेटचा कारभार ज्याच्या हाती येतो, त्याने पहिले काही आठवडे शेतांवर फिरण्याइतकेच दप्तराच्या खोलीत घालवावेत. कोणते कुळ कोणत्या अटीवर जमीन धरून आहे, कुंपणाची दुरुस्ती कोणाकडे आहे आणि एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली घातलेले मातीचे निचरा-नळ कोणत्या दिशेने वाहतात, हे शेतात उभे राहून कळत नाही. निचरा-नळांचा तर बहुधा एखादा जुना नकाशाच पुरावा म्हणून उरलेला असतो.

कपाट उघडताच कागद विषयवार लावण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. आधी प्रत्येक फळीचे छायाचित्र घ्यावे, गठ्ठ्यांना आहे त्याच क्रमाने पेन्सिलीने क्रमांक द्यावेत आणि मगच यादीला हात घालावा. पूर्वीच्या कारभाऱ्याने एखादी पावती ज्या पत्रव्यवहारात बांधली, त्यावरूनच ती कशाची आहे हे समजते. गठ्ठा एकदा फोडला की तो संबंध परत जुळवता येत नाही. विषयवार शोध हवा असेल तर तो सूचीत तयार करावा, फळीवर नव्हे.

या सूचीचा कणा म्हणजे शेतांचे नोंदपुस्तक. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेच्या 1:2500 प्रमाणाच्या नकाशांवर प्रत्येक शेताला क्रमांक असतो. त्याच्याशेजारी 1836 च्या टाइद (चर्चला द्यायचा शेतउत्पन्नाचा दशमांश) कायद्यानुसार तयार झालेल्या नकाशातील क्रमांक, शेताचे जुने नाव, आजचे नाव आणि संबंधित गठ्ठ्याचा क्रमांक लिहावा. टाइद नकाशासोबतच्या तक्त्यात मालक, वहिवाटदार, पीक की कुरण आणि क्षेत्रफळ हे सारे सापडते, म्हणून मी कोणत्याही इस्टेटची सुरुवात तेथूनच करीन. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत दिलेले असते: 40 पर्चचा एक रूड, 4 रूडांचा एक एकर. ही आकडेवारी दशांश समजून वाचल्यास सगळी बेरीज चुकते.

जुन्या हिशेबवह्या अधिक सावधपणे वाचाव्या लागतात. त्यांत आजच्यासारखा नफातोटा नसतो. कारभाऱ्याने मालकाला द्यायचा तो जबाब असतो. समजा, मागील थकबाकी 40 पौंड आणि सहामाही खंड 310 पौंड असेल, तर 350 पौंडांची जबाबदारी कारभाऱ्याच्या नावे पडते, मग ती रक्कम कुळांकडून आलेली असो वा नसो. त्याने दुरुस्तीवर 62 पौंड 10 शिलिंग खर्च केले आणि मालकाला 240 पौंड पोचते केले, तर 47 पौंड 10 शिलिंग त्याच्याकडे येणे राहतात. ही बाकी म्हणजे शिल्लक रोकड असे समजू नये, कारण तिच्यात न आलेला खंडही असू शकतो. कुळांची थकबाकी वेगळी दाखवली आहे का, ते आधी पाहावे. 1971 पूर्वीच्या वह्यांत पौंडाचे 20 शिलिंग आणि शिलिंगाचे 12 पेन्स, हेही ध्यानात असावे.

तारखांचा घोळ याहून फसवा असतो. 1752 पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला, म्हणजे लेडी डेला, सुरू होई. त्यामुळे ‘फेब्रुवारी 1700’ अशी नोंद आपल्या गणनेने 1701 मधली ठरते. 1752 च्या सप्टेंबरातून 11 दिवस वगळले गेले, आणि म्हणून काही भाडेपट्टे 29 सप्टेंबरच्या मायकलमसला (संत मायकेलचा सण), तर काही 11 ऑक्टोबरच्या जुन्या मायकलमसला संपतात. नोटिशीची मुदत भाडेपट्ट्याच्या वर्षअखेरीशी जोडलेली असल्याने हा फरक आजही महत्त्वाचा आहे. 1 सप्टेंबर 1995 पूर्वीचे शेतीचे भाडेपट्टे साधारणपणे 1986 च्या कायद्याखाली येतात आणि कुळाला भक्कम संरक्षण देतात. 12 जुलै 1984 पूर्वीच्या काहींत वारसालाही हक्क मिळू शकतो. मूळ करार हाती असल्याशिवाय कुळाशी बोलणी सुरू करू नयेत. ते कुळावरही अन्यायाचे होते.

लोकांच्या वहिवाटीच्या रस्त्यांची फाइल स्वतंत्र ठेवावी. वीस वर्षे अखंड आणि उघड वापर झाल्यास सार्वजनिक रस्ता मानला जाऊ शकतो. आणखी रस्ते असे मानले जाऊ नयेत म्हणून मालकाला मान्य असलेले रस्ते दाखवणारा नकाशा व निवेदन 1980 च्या हायवेज कायद्यानुसार काउंटी परिषदेकडे दाखल करता येते, आणि त्यानंतरच्या घोषणापत्राची मुदत डायरीत ठळकपणे लिहून ठेवावी.

मॅनरच्या (जुन्या जहागिरीच्या) न्यायसभांचे दस्त सापडल्यास ते विकण्याचा किंवा परदेशी पाठवण्याचा विचार करण्यापूर्वी लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हज या राष्ट्रीय अभिलेखागाराशी संपर्क साधावा, कारण त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. 1733 पर्यंतचे हे दस्त बहुधा लॅटिनमध्ये असतात. चर्मपत्र ओलाव्याने फुगते आणि उष्णतेने आकसते; म्हणून ते तळघरात किंवा पोटमाळ्यावर न ठेवता आम्लरहित खोक्यांत, स्थिर हवामानाच्या खोलीत ठेवावे, आणि चिकटपट्टी कधीही लावू नये. अशी खोली नसेल, तर मालकी आपल्याकडे ठेवून दस्त काउंटी अभिलेखागारात ठेव म्हणून देता येतात.

आजचे कागदही याच सूचीत आणावेत. उद्या निचऱ्याचा एखादा नळ बदलला, तर तो ठेकेदाराच्या ईमेलमध्ये राहू न देता जुन्या नकाशाच्या प्रतीवर तारखेसह आखावा आणि शेताच्या क्रमांकापुढे त्याची नोंद त्याच दिवशी करावी.