लाइट गेली तरी घाबरू नका : खान्देशात लिनक्स शिकताना

आधी एक स्पष्ट सांगणं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचे बरेच प्रकार आहेत. नवशिक्यानं त्यातल्या काली लिनक्सच्या नादी लागू नये. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, रोजच्या वापरासाठी बनवलेलंच नाही. लिनक्स मिंट घ्या. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन ही आवृत्ती.

इन्स्टॉल करायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मोबाइलच्या डेटावर जवळपास ३ जीबीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल उतरवताना ती मध्येच तुटते आणि तरी पूर्ण झाल्यासारखी दिसते, म्हणून शा-२५६ ची बेरीज, म्हणजे फाइलचा पडताळणी क्रमांक, मिंटच्या साइटवरच्या क्रमांकाशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोज ठेवायचं असेल तर फास्ट स्टार्टअप (विंडोजला पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद करा, बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्या आणि लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा; ६० जीबी बरी. इन्स्टॉल करताना दिसणाऱ्या ‘इरेज डिस्क’ या पर्यायानं विंडोजसकट सगळी डिस्क पुसली जाते.

आता खरा खड्डा. तो इन्स्टॉलेशनमध्ये नाही, नंतरच्या अपडेटमध्ये आहे. अमळनेर असो की शहादा, वळवाचं वारं सुटलं की लाइट जाते. डेस्कटॉपवर त्याच वेळी नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बसत असेल तर काय होतं, ते नीट समजून घ्या. कर्नलची फाइल आधी डिस्कवर येते. तिच्यासोबत लागणारी इनिटरॅमएफएस ही छोटी फाइल त्यानंतर तयार होते, आणि डिस्क उघडण्याची सामग्री तिच्यात असते. ती अर्धवट राहिली की मशीन चालू होताना ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ (मुख्य डिस्क उघडता येत नाही) असा संदेश देऊन थांबतं. इथे बहुतेक जण घाबरून पुन्हा फॉरमॅट मारतात. मारू नका! तुमच्या फायली जागेवरच असतात, आणि जुना कर्नलही.

मशीन चालू करताना एस्केप दाबा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा ग्रब हा मेनू दिसेल. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द दिसतो. तिथे ‘normal’ टाईप करून एंटर मारा आणि लगेच एकदाच एस्केप. मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुन्या क्रमांकाचा कर्नल निवडा. डेस्कटॉप उघडला की टर्मिनल या आज्ञा टाईप करायच्या खिडकीत क्रमानं, सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीत: ‘sudo dpkg --configure -a’, मग ‘sudo apt --fix-broken install’, मग ‘sudo update-initramfs -u -k all’, शेवटी ‘sudo update-grub’. पहिली आज्ञा अर्धवट राहिलेलं काम पुरं करते, म्हणून तिचा क्रम बदलू नका.

हे टाळायचं असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, भाऊ. त्याचं बटण यूपीएस मोडवर नसेल तर लाइट बदलण्याच्या क्षणात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. गावात भारनियमनाचं वेळापत्रक ठरलेलं असेल तर अपडेट त्याच्या बाहेर करा. लॅपटॉपवाल्यांनी निम्म्याहून जास्त बॅटरी असतानाच.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन, पहिल्याच दिवशी चालू करा, शक्यतो वेगळ्या डिस्कवर. मात्र ते सिस्टिम जपतं, तुमचे फोटो आणि प्रोजेक्ट नाही. त्यांची प्रत वेगळी ठेवावीच लागते.

शिकवणारा निवडताना एक बघा: जो तुमच्या हातातून कीबोर्ड घेतो त्याच्याकडून मशीन दुरुस्त होईल, तुम्ही शिकणार नाही. ‘पडद्यावर काय लिहिलंय ते वाच’ म्हणणारा माणूस धरून ठेवा. व्हिडिओतली ‘सुडो’नं (sudo, म्हणजे पूर्ण अधिकारानं चालणारी आज्ञा) सुरू होणारी ओळ अर्थ न कळता चिकटवणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही, लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ एकदा चालवा आणि विंडोजमध्ये वेळ एकदा जुळवून घ्या.