जिन सावर: सांगलीच्या उन्हाळ्यात पाहुणे येण्याआधी

जिन सावर म्हणजे आंबट-गोड कॉकटेल: जिन, लिंबू, साखर. सामान एवढंच, म्हणून कुणी तयारी करत नाही आणि दुसऱ्या ग्लासालाच बर्फ संपतो. चौघांना दोन-दोन ग्लास धरले तर काम आदल्या दिवशी सुरू करावं, आणि पहिलं काम बर्फाचंच. एका ग्लासमागे आठ खडे, म्हणजे चौसष्ट. घरात ट्रे दोनच असतील तर गोठलेले खडे पिशवीत काढून ट्रे पुन्हा भरत राहा. पिशवीचं तोंड घट्ट बांधा, कारण बर्फ फ्रीजरमधल्या मासळीचा आणि लसणाचा वास ओढून घेतो. कमी पडला म्हणून कारखान्यातली लादी आणू नका. ती बहुधा माल गार ठेवण्यासाठी असते, पोटात जाण्यासाठी नाही.

त्याच रात्री साखरपाणी करून ठेवा. १५० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम. उकळून गुलाबजामच्या पाकासारखं दाट केलं तर गोडीचा सगळा हिशोब चुकतो. साखर वाटीनं नाही, काट्यावर मोजा. पिठीसाखर नको, बाजारच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा स्टार्च असतो आणि पेय गढूळ होतं. ऊसपट्ट्यात राहून गुळाचा मोह होणारच, पण गूळ जिनचा वास झाकून टाकतो. तो रमसाठी राहू द्या.

जिन एका ग्लासाला ६० मिली, म्हणजे एकूण ४८० मिली. ७५० मिलीची एक बाटली पुरून उरते. साधी लंडन ड्राय, म्हणजे बिनगोडीची जिन घ्या. रंगीत, फळांच्या चवीच्या जिन बहुतेक गोड असतात, तिथे साखरपाणी कमी करावं लागतं. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे आड येत नाही ना, तेही आधी पाहा.

लिंबं सोळा ते अठरा. मंडईतून पातळ सालीची, हातात जड लागणारी निवडा; कडक, हिरवी लिंबं रस देत नाहीत. परदेशी कृतीत मोठं पिवळं लिंबू असतं आणि ६० मिली जिनला २५ मिली रस सांगितलेला असतो. आपलं कागदी लिंबू जास्त झणझणीत असतं, म्हणून २० मिली रस आणि २० मिली साखरपाणी इथून सुरुवात करा. लिंबू ओट्यावर दाबून फिरवा, कापा, एकदाच पिळा. साल मुरगळून शेवटचा थेंब काढला की त्यासोबत कडवटपणाही उतरतो. रस त्याच दिवशी, पाहुणे येण्याच्या तासभर आधी काढा. आणि कापायची पाटी वेगळी हवी: हळदीच्या गावात पाटीला हळद आणि कांद्याचा वास हमखास असतो.

मूळ जिन सावरमध्ये अंडं नसतं, पण फेस हवा असेल तर दोन ग्लासांना एका अंड्याचा पांढरा भाग पुरतो. अंडं ताजं घ्या, प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. बलकाचा थेंब गेला किंवा बरणीला तेलाचा हात लागला की फेस धरत नाही, कारण चरबी बुडबुडे मोडते. कच्चं अंडं गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांनी टाळावं. गरोदर बाई आणि मुलांना तर हे पेयच नको. शाकाहारी मंडळींना काबुली चणे शिजवलेलं दाट, बिनमिठाचं पाणी चालतं, एका ग्लासाला २० मिली.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची पाऊण लिटरची काचेची किंवा स्टीलची बरणी घ्या. कल्हई नसलेलं पितळ नको, आंबटाशी त्याचं जमत नाही. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं खुणांचं टोपण पुरेसं अचूक असतं. चहाची गाळणी नवीच हवी. जुनीला आलं-वेलदोड्याचा वास मुरलेला असतो.

ग्लास पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. जिन, रस आणि साखरपाणी बरणीत घाला, एका वेळी दोनच ग्लासांचं हलवा. अंडं असेल तर आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद, आणि तेव्हा झाकणावर फडकं धरून हात ठेवा, गारवा नसल्यानं झाकण बसत नाही. मग बर्फ घालून बारा ते पंधरा सेकंद, स्टीलवर दव येईपर्यंत. मे महिन्यात बाहेर ठेवलेला बर्फ पाच मिनिटांत घाम सोडतो आणि ओल्या बर्फानं पेय गार होण्याआधी पातळ होतं, म्हणून तो अगदी शेवटी काढा. गाळणीतून ग्लासात ओता, चव घ्या. आंबट वाटलं तर ५ मिली साखरपाणी घाला. साखरेचे दाणे गारव्यात विरघळत नाहीत. फेसावर बिटर्सचे, म्हणजे मसाल्या-मुळ्यांच्या कडू अर्काचे, दोन थेंब टाकले की अंड्याचा वास दबतो. बिटर्स नसतील तर लिंबाच्या सालीची चकती वर मुरडा.

बरणी लगेच गार पाण्यानं विसळा. गरम पाण्यानं अंडं शिजून काचेला चिकटतं.