सी-एलिमेंट फक्त ००, ११ देऊन पास करू नका

असिंक्रोनस सर्किटला क्लॉक (सगळ्या भागांना एका ठेक्यावर चालवणारा सिग्नल) नसतो त्यामुळे टेस्ट करताना नुसती व्हॅल्यू नाही, आधी काय दिलं होतं तेपण बघावं लागतं. सी-एलिमेंट म्हणजे अशा सर्किटमधला दोन इनपुटचा गेट, त्याचं आउटपुट दोन्ही इनपुट १ झाले की १, दोन्ही ० झाले की ०, नाहीतर आहे ते धरून ठेवायचं. बहुतेक पोरं दोन इनपुटना फक्त ००, ११ देतात, एलईडी बरोबर लागतो-विझतो, झालं म्हणतात!

चवथीच्या सुट्टीनंतर फोंड्याच्या आमच्या लॅबमध्ये हेच झालं, नॅण्ड गेटचा जोडलेला सी-एलिमेंट पास आणि पुढचा हँडशेक (दोन भागांनी एकमेकांना ‘पाठवलं’, ‘मिळालं’ असं सांगणं) मात्र मध्येच गंडतो, दोन दिवस डोकं खाल्लं, शेवटी दोष निघाला तो फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट परत आत आणणाऱ्या वायरचा, तिची ब्रेडबोर्डातली टोकं पावसाच्या ओलीने हिरवी पडलेली. फीडबॅक ० ला अडकला की सी-एलिमेंटचा साधा अँड गेट होतो (दोन्ही १ तरच १), १ ला अडकला की ऑर (एक जरी १ तरी १), आणि ००, ११ ला दोघंही अगदी शहाण्यासारखे वागतात.

म्हणून एका वेळी एकच इनपुट बदलत ००, ०१, ११, १०, ०० असं फिरवा, आउटपुट ०, ०, १, १, ० यायला हवं, मग उलट्या दिशेनेपण एक फेरी मारा, तेव्हापण तेच यायला हवं.