या चुका टाळा: चादरीवरचा निवडीचा खेळ फसतो कुठे?

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. नुसता वाचून दाखवला की पोरांच्या लक्षात जिराफाची मान तेवढी राहते. म्हणून मी वर्गात सोलापुरी चादर अंथरतो, तिच्यावर रंगीत तुकडे पसरतो आणि पोरांना पक्षी करतो. तुकडे म्हणजे किडे, दिसतील ते टिपायचे. न दिसणारे तगतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात, हीच नैसर्गिक निवड. खेळ सोपा, पण पहिली दोन वर्षं मी तो साफ चुकवला.

कडधान्य नको

सुरुवातीला मसूर, मूग, चवळी आणि ज्वारी घेतली. चवळी सगळ्यांत आधी संपली. मी फळ्यावर रंगाचं महत्त्व लिहायला लागलो, तर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, चवळी चिमटीत लगेच घावती की ओ!" खरंच होतं. निवड आकारावर चालली होती आणि मी शिकवत होतो रंग. आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावरचं उरलेलं सूत आणतो. एकाच जाडीचं, २ सेंटिमीटरचे तुकडे, चार रंग (मरून म्हणजे गडद तांबडा, तपकिरी, पिवळा आणि पांढरा), प्रत्येकी २०.

पंख्याचंही बघा. एकदा पांढरे तुकडे उडून बाकाखाली गेले आणि आमच्या हिशोबात 'तगले'. मार्चात सोलापुरात पंखा बंद करून वर्ग बसत नाही, तेव्हा हा खेळ सकाळच्या पहिल्या तासालाच घ्या.

आवडीचा रंग उचलणं

कुणी पिवळाच गोळा करतं, छान दिसतो म्हणून. ती नैसर्गिक निवड नव्हे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून ३५-१ हा वाण काढला, तशी ती माणसाने हेतू धरून केलेली निवड झाली. यावर उपाय म्हणजे पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिला दिसेल तो एकच तुकडा उचलायचा, पुन्हा पाठ करायची. चार पक्ष्यांनी १५-१५ टिपले की ६० जातात, २० उरतात.

पिल्लं विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उचलाउचलीत मजा येते, तेवढ्यात घंटा होते आणि शिक्षक तिथेच थांबतात. पण किडे खाल्ले गेले यात उत्क्रांती कुठे झाली? उरलेल्या प्रत्येक तुकड्याशेजारी त्याच रंगाची तीन पिल्लं ठेवा. मरून रंगाचे ९, तपकिरी ६, पिवळे ३, पांढरे २ उरले असतील, तर पुढच्या पिढीत ३६, २४, १२ आणि ८. एकूण पुन्हा ८०. हे आकडे पोरांनाच फळ्यावर मांडू द्या. निदान तीन पिढ्या होऊ द्या, एका फेरीत योगायोगच जास्त असतो. तास पुरत नसेल तर धड्याची प्रस्तावना कापा, पिल्लं कापू नका.

चादर न उलटणं

माझ्या चादरीची एक बाजू मरून, तिच्यावर पांढरी नक्षी. उलटली की पांढऱ्यावर मरून नक्षी. तीन पिढ्यांनी पोरं म्हणतात, मरूनच 'भारी'. तेव्हा चादर उलटायची आणि तुकडे परत पसरायचे. आता मरून पटापट टिपले जातात, पांढरे वाढतात. एका वर्षी मात्र पांढरे आधीच नामशेष झाले होते. "सर, पांढरे संपले की ओ, आता कुठनं येणार?" त्या प्रश्नावर मी पूर्ण तास दिला.

इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंग या किड्याची गोष्ट इथेच सांगावी, आधी नाही. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडं काळी पडली, त्यांच्यावर फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसायला लागले. मँचेस्टरला १८४८ साली काळा पतंग नोंदवला गेला, १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के काळे झाले आणि पुढे हवा स्वच्छ झाल्यावर फिकट पुन्हा वाढले. आधी सांगितली की पोरं हमखास समजतात, धुराच्या काजळीने पतंग काळे झाले. काळे जन्मतःच काळे होते.

एवढं करूनही वहीत वाक्य सापडतंच: 'पक्ष्यांना दिसू नये म्हणून किड्यांनी रंग बदलला.' त्याच्याखाली लाल रेघ मारून काही होत नाही, मी मारून पाहिली आहे. आता मी त्या पोराच्या तळहातावर एक मरून तुकडा ठेवतो आणि विचारतो, "हा आधी कुठल्या रंगाचा होता रे?"